एका वर्षात अल्बम? ती अट आधी मागे घ्या

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. गणित, भौतिकशास्त्रात गुण चांगले आहेत. पण दिवसभर डेपेश मोड या बँडचा 'व्हायोलेटर' हा अल्बम ऐकते आणि इलेक्ट्रॉनिक संगीतच करायचं म्हणते. मी तिला सांगितलंय, बारावीनंतर एक वर्ष देतो, हवा तो सिंथेसायझर घेऊन देतो. त्या वर्षात अल्बम काढून दाखव. नाही जमलं तर मुकाट्याने इंजिनिअरिंग. सगळं मशीनच करतं, तेव्हा वर्ष पुरेल ना? सिंथेसायझर कोणता घ्यावा? – एक वडील

उत्तर : सिंथेसायझरचं नंतर बघू. तुमच्या मुलीच्या निवडीपेक्षा तुम्ही घातलेल्या अटीची मला जास्त काळजी वाटते.

ज्या अल्बमवर ती जीव टाकते, तो त्या बँडचा सातवा अल्बम आहे. इंग्लंडमधल्या बॅसिल्डनच्या या मुलांचा पहिला अल्बम 'स्पीक अँड स्पेल' १९८१चा, हलकाफुलका, नाचता येईल असा. त्यातली बहुतेक गाणी लिहिणारा विन्स क्लार्क त्याच वर्षाच्या शेवटी बाहेर पडला. गाणी लिहिण्याचं काम बँडमधल्याच मार्टिन गोरवर आलं, १९८२मध्ये वादक ॲलन वाइल्डर येऊन मिळाला. १९८३मध्ये त्यांनी धातू बडवून काढलेले आवाज सॅम्पलरमध्ये (आवाज साठवून तो हव्या त्या सुरात वाजवणारं यंत्र) घेतले, १९८६च्या 'ब्लॅक सेलिब्रेशन'पर्यंत संगीताचा रंग गडद झाला, आणि 'व्हायोलेटर' आला १९९०मध्ये. नऊ वर्षं गेली. तुम्ही शाळा संपवणाऱ्या मुलीला बारा महिने देताय, तेही डोक्यावर शिक्षा टांगून. असं मूल प्रयोग करत नाही. प्रीसेट, म्हणजे यंत्रात आधीच भरलेले तयार आवाज, जोडून दहा गाणी उरकतं आणि फसलेलं काम तुमच्यापासून लपवतं. खरं शिक्षण मात्र फसलेल्या कामातच असतं.

आता 'मशीनच करतं' याबद्दल. याच अल्बममधलं 'एन्जॉय द सायलेन्स' गोरने आणलं तेव्हा ते नुसत्या हार्मोनिअमवर गायलेलं संथ गाणं होतं. ते जलद लयीत न्यावं, हे वाइल्डरला सुचलं. गोरला ते आधी पटलं नव्हतं. वाइल्डर आणि निर्माता फ्लड यांनी ताल आणि बेस उभा केला, मग गोरला बोलावून त्यावर गिटारची धून वाजवून घेतली. 'पर्सनल जीझस'मधला दणकट ठोका वाद्यं ने-आण करायच्या खोक्यांवर माणसांनी पाय आपटून मिळवलेला आहे. लय कोणती, काय ठेवायचं, काय काढून टाकायचं, यातलं काहीही मशीनने ठरवलेलं नाही. पहिल्या अल्बमपासून सातव्यापर्यंत आवाज बदलला, कारण माणसं बदलली, त्यांच्या कामाची पद्धत बदलली. यंत्रं त्यांच्या काळात इतर अनेकांकडेही होती.

याच अल्बममध्ये वेगवेगळे पेशेही दिसतात. गोर गीतकार-संगीतकार, डेव्ह गहान गायक, वाइल्डरकडे वाद्यरचना, फ्लड निर्माता; बहुतेक गाण्यांचं मिक्सिंग फ्रान्स्वा केव्होर्कियनचं. मुलीला यातलं कोणतं काम खुणावतंय, हे तुम्ही विचारलंय का? पत्रात तरी ते कुठे दिसत नाही.

आणि इंजिनिअरिंगला तुम्ही शिक्षा का करून टाकलंत? फिल्टर, कंपनसंख्या, सिग्नल हे तिच्या भौतिकशास्त्राचंच पुढचं पान आहे. सिंथेसायझर आणि त्यांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत इलेक्ट्रॉनिक्स आणि सिग्नल प्रोसेसिंग शिकलेली माणसंही असतात. तिला कदाचित हाच रस्ता आपणहून आवडला असता. आता तिला तो हरल्याची खूण वाटणार. प्रवेश परीक्षा तिने जरूर द्यावी आणि साउंड इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रमही पाहावेत, पण दोन्ही पसंतीच्या यादीत हवेत.

सिंथेसायझर आत्ता घेऊ नका. लॅपटॉप, रेकॉर्डिंगचं एक सॉफ्टवेअर, चांगले हेडफोन आणि २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवायचा) सुरुवातीला पुरेत. सॉफ्टवेअरमधल्या एकाच सिंथवर तिने रिकाम्या पॅचपासून, म्हणजे कोणतीही तयार मांडणी न घेता, आवाज घडवावा: मूळ सूर देणारा एक सॉ-टूथ ऑसिलेटर, वरच्या कंपनसंख्या कापणारा लो-पास फिल्टर, आणि आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा एन्व्हलप. बेस करायचा तर अटॅक (चढायला लागणारा वेळ) जवळजवळ शून्य, डिके (उतरायला लागणारा वेळ) २०० ते ३०० मिलिसेकंद, सस्टेन (पट्टी दाबून ठेवल्यावर टिकणारी पातळी) कमी. मग फिल्टर हळूहळू बंद करत कुठे आवाज जाड होतो आणि कुठे बुडतो, ते कानाने ओळखायचं. त्यानंतर एका वाद्यावर आणि गळ्यावर दोन मिनिटांची संथ चाल रेकॉर्ड करायची आणि तीच चाल ११० ते ११५ बीपीएमवर (मिनिटाला तेवढे ठोके), आठ ट्रॅकच्या, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांच्या आठ थरांच्या, आत पुन्हा बांधायची.

अडकायला होतं ते बहुधा आठ मात्राखंडांच्या लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यात. तोच तुकडा शंभर वेळा ऐकला की तो पूर्ण वाटू लागतो आणि गाणं पुढे सरकत नाही. म्हणून आधी सॉफ्टवेअरमध्ये साडेतीन मिनिटांचा रिकामा आराखडा आखून कडवं, ध्रुवपद, शेवट यांच्या जागा ठरवाव्यात. दुसरी चूक खालच्या सुरांत होते: किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) आणि बेस दोन्ही ६० हर्ट्झच्या आसपास आले की सगळं गढूळ होतं. दोघांपैकी एकाला तिथून बाजूला करावं किंवा किक वाजताना बेसचा आवाज क्षणभर कमी करावा. मिक्स करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, सॉफ्टवेअरच्या मीटरवर सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्यावी. तुलनेसाठी 'व्हायोलेटर'मधलं गाणं लावलं, तर त्याचा आवाज आधी आपल्या मिक्सइतका खाली आणावा. नाहीतर जे मोठ्याने वाजतं तेच चांगलं वाटतं.

बारावीची परीक्षा होईपर्यंत आठवड्याला तीन-चार तास याला पुरे. परीक्षेनंतर तीन महिन्यांत तिने तीन गाणी पूर्ण करावीत. ती तुम्ही गुण द्यायला म्हणून ऐकू नका. त्या कामात रोज कोणता भाग करताना तिला वेळेचं भान राहिलं नाही, एवढं विचारा: चाल लिहिताना, आवाज घडवताना, की मिक्स करताना. तिचं उत्तर मला कळवा, म्हणजे अभ्यासक्रमांची नावं घेऊन बोलता येईल. पण वर्षाची अट मागे घेतल्याचं तिला आजच सांगा.