आप्पांना विचार

बाळ,

परवा फोनवर तू म्हणालीस, 'मावशी, आप्पांना आता काहीच कळत नाही.' मागं त्यांचा खोकला ऐकू आला. म्हणजे तू हे त्यांच्या खाटेपाशीच बोललीस. नऊ वर्षांमागं मीही हेच केलं होतं, म्हणून रागावत नाही, लिहितेय.

आप्पांसारखंच आमच्या यांच्याही अंगावरून वारं गेलं, म्हणजे पक्षाघात झाला, तेव्हा उजवा हात-पाय आणि बोलणं एकदमच गेलं. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि उजवं अंगही तीच बाजू चालवते. बोलणं जातं त्याला वाचाघात म्हणतात. एखाद्याचं नाव ओठांवर येऊन अडतं ना, तसं यांचं दर शब्दाला व्हायचं. काहींना ऐकलेलंही नीट उमगत नाही. पण किती उमगतं हे स्पीच थेरपिस्टनं तपासायचं, आपण ठरवायचं नाही.

यांचा पहिला शब्द आला तो 'बेडा'. मी पेज भरवत होते आणि हे कन्नडात 'नको' म्हणाले. तीस वर्षं बेळगावच्या बाजारात भाजी विकलेला माणूस, दिवसभर कन्नड आणि घरी मराठी. पण आमच्या दिरांना ते फार लागलं. सीमाप्रश्नाचा एकही मोर्चा न चुकवलेल्या भावाच्या तोंडी मराठी येऊ नये? ते उशाशी बसून 'नको म्हण, नको म्हण' करत राहिले. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दोन दिवस आवाज म्हणून काढला नाही. ते दोन दिवस मला आजही आठवतात.

पुढं थेरपिस्टबाईंनी सांगितलं, दोन-तीन भाषा बोलणाऱ्याच्या सगळ्या भाषा एकाच वेगानं परत येतात असं नाही, आईची भाषा मागूनही येते. तेव्हापासून जो शब्द येईल तो आम्ही घेतला. आप्पा 'नीरु' म्हणाले तर पाणी दे. देताना 'पाणी' तू म्हण, त्यांच्याकडून वदवून घेऊ नकोस. घरात आणि बाजारात त्यांची कुठली भाषा चालायची, हे थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांग.

महिन्याभरानं शेजारी भजन चाललेलं असताना हे 'ज्ञानबा तुकाराम' सुरात म्हणू लागले. भेटायला आलेलं कुणी लगेच म्हणालं, 'भजन येतंय, मग पाणी मागायला काय होतंय?' पाठ झालेलं आणि सुरातलं बोलणं वेगळ्या वाटेनं येतं गं. मनातलं नव्यानं जुळवून सांगायची वाट मोडलेली असते. भेटायला येणाऱ्यांना हे दारातच सांग.

बोलताना टीव्ही बंद कर, त्यांच्या डोळ्यांसमोर बस, एका वेळी एकच प्रश्न विचार. 'काय खाणार?' असं नको. केळं आणि भाकरी दोन्ही दाखव. हो-नाहीचा घोळ होतो, मान हलवतात एक आणि मनात असतं दुसरं, म्हणून बोट दाखवू दे. त्यांच्याच चष्म्याचे, ताटलीचे, संडासाचे फोटो काढून वहीत चिकटव. विचारल्यावर मनात दहा अंक मोज. शब्द आपण पुरा करायचा मोह आवर, मला तोच सर्वांत जड गेला. आणि लहान बाळाशी बोलतात तसा सूर लावू नकोस.

भरवताना पाठ ताठ हवी, नंतर अर्धा तास तसंच बसवायचं. घास गिळताना ठसका लागला किंवा आवाज ओलसर झाला तर थांब आणि डॉक्टरांना सांग. अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. उठवताना लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. रोज रडत असतील, जेवण टाकत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. पक्षाघातानंतर नैराश्य पुष्कळांना येतं, त्यावर औषध आहे.

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, मग चाल मंदावते, पण थांबत नाही. यांनी मला नावानं हाक मारली ती दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आदल्या सांजेला.

रविवारच्या बसनं मी येते. रताळी या आठवड्यात काढायची की पुढच्या, हे मी आप्पांनाच विचारणार आहे, वेल हातात घेऊन. त्यांना वेळ लागेल. तू मध्ये बोलू नकोस.

तुझी,
मावशी