वाचकांचे प्रश्न : कंपनीचे नाव असलेले रिफ्लेक्टर जॅकेट निवडताना

प्रश्न : आमच्या बांधकाम कंपनीत वेगवेगळ्या साइटवर मिळून सुमारे दीडशे माणसे काम करतात. सर्वांना एकसारखी जॅकेट द्यावीत, पाठीवर कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह ठळक असावे आणि खांद्यांचा भाग कंपनीच्या गडद निळ्या रंगात असावा, अशी मालकांची इच्छा आहे. पुरवठादारांनी आणलेले नमुने मला सारखेच दिसतात. निवड कशाच्या आधारे करावी?

उत्तर : आधी जॅकेटचा वर्ग ठरवावा, त्यात बसणारे जॅकेट निवडावे आणि मग उरलेल्या जागेत नाव बसवावे. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो आणि जॅकेट ज्या कामासाठी घेतले, तेच बाजूला पडते.

दिवसा कामगार दिसतो तो फ्लुरोसंट कापडामुळे. हे कापड डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून ती ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकते, म्हणून ढगाळ हवेत आणि दिवेलागणीच्या वेळीही ते साध्या पिवळ्या कापडापेक्षा उठून दिसते. अंधार पडला की हा गुण संपतो. तेथून पुढे काम करते ती रुपेरी पट्टी. साइटवर तिला सगळे ‘रेडियम’ म्हणतात, पण त्या मूलद्रव्याशी तिचा काही संबंध नाही. तिच्यातील काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतात, आणि चालकाचे डोळे गाडीच्या दिव्यांपासून फार दूर नसल्यामुळे ती पट्टी त्याला लखलखीत दिसते. अंधारात पडलेल्या पट्टीवर दिव्याचा झोत आलाच नाही, तर ती काहीही दाखवू शकत नाही. मागे येणाऱ्या डंपरला मागचे दिवे नसतील, तर उत्तम जॅकेटही निरुपयोगी ठरते.

या कपड्यांसाठी आयएसओ २०४७१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाला किमान ०.१४ चौरस मीटर फ्लुरोसंट कापड आणि ०.१० चौरस मीटर पट्टी लागते, दुसऱ्याला ०.५० आणि ०.१३; तिसऱ्याला ०.८० आणि ०.२०. पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर असावी लागते, म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या जॅकेटवर अशी पट्टी एकूण २.६ मीटर आणि तिसऱ्या वर्गाच्या पोशाखावर ४ मीटर भरली पाहिजे. पुरवठादारासमोर टेप धरून हे मोजता येते आणि अवश्य मोजावे. लेबलवर जॅकेटच्या चिन्हाशेजारी वर्गाचा आकडा छापलेला असतो. तो नसलेला नमुना बाजूला ठेवावा.

आता मालकांच्या इच्छेकडे येऊ. समजा, दुसऱ्या वर्गाच्या एखाद्या जॅकेटमध्ये ०.५४ चौरस मीटर फ्लुरोसंट कापड आहे. त्याच्या पाठीवर ३० बाय २० सेंटिमीटरचा भरीव रंगाचा चौकोन छापला, तर ०.०६ चौरस मीटर कापड झाकले जाते, उरते ०.४८, आणि जॅकेट दुसऱ्या वर्गातून बाहेर पडते. लेबलवर मात्र आकडा दोनच राहतो. गडद निळे खांदे हाच तोटा आणखी मोठ्या प्रमाणावर करतात, कारण तो भाग फ्लुरोसंट कापडात धरलाच जात नाही. माझ्या मते खांद्यांचा निळा रंग सोडून द्यावा; कंपनीचा रंग हेल्मेटवर शोभून दिसेल. नाव छातीवर डाव्या बाजूला लहान आणि पाठीवर केवळ अक्षरांच्या रूपात, चौकटीशिवाय असावे, आणि पट्टीवर एकही अक्षर चढू नये. मागणी नोंदवतानाच छपाई धरून वर्ग टिकतो असे उत्पादकाकडून लेखी घ्यावे, आणि हिशेब सर्वांत लहान मापावर करायला सांगावा, कारण मोठ्या मापात सहज बसणारे बोधचिन्ह लहान मापात बरेच कापड खाऊन टाकते.

वेगाने जाणाऱ्या वाहनांशेजारी किंवा रात्री काम असेल, तर तिसरा वर्ग घ्यावा. तो केवळ बिनबाह्यांच्या जॅकेटने मिळत नाही. धडाबरोबर पट्ट्या असलेल्या पूर्ण बाह्या किंवा पूर्ण लांबीची पँट लागते. यामागचे कारण मला फार मोलाचे वाटते : वाकून काम करणाऱ्या माणसाची छाती झाकली जाते, पण हातापायांवरच्या पट्ट्या हलताना दिसल्या की समोर खांब किंवा पिंप नसून माणूस आहे, हे चालकाला क्षणात उमगते. रंग परिसर पाहून ठरवावा. गर्द झाडीत नारिंगी उठून दिसतो. नारिंगी पिंपे आणि अडथळे मांडलेल्या जागी पिवळा बरा. शेवटचा निर्णय घेण्यापूर्वी दोन नमुने दोन कामगारांना घालायला देऊन संध्याकाळी यंत्राच्या केबिनमध्ये बसून स्वतः पाहावे.

प्रश्न : ही जॅकेट किती दिवस वापरावीत?

उत्तर : दिवसांपेक्षा धुण्यांचा हिशेब ठेवावा. कमाल किती धुण्या चालतील हा आकडा लेबलवर दिलेला असल्यास तो पाळावा. ब्लीच आणि कापड मऊ करणारे द्रव वापरू नयेत, पट्टीवर गरम इस्त्री फिरवू नये. चिखल साचलेले जॅकेट नवे असले तरी दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला दोन द्यावीत, एक अंगावर आणि एक धुण्यात. अंधारात डोळ्यांशेजारी विजेरी धरून पट्टीवर झोत टाकावा. नव्या पट्टीच्या शेजारी ती मंद दिसली, तर कापड शाबूत असले तरी जॅकेट बदलावे.

प्रश्न : वेल्डरनाही हीच जॅकेट चालतील का?

उत्तर : नाही. ही जॅकेट बहुधा पॉलिएस्टरची असतात आणि ठिणगीने पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. त्यांच्यासाठी ज्वालारोधक कापडाचा आणि वेल्डिंगच्या आयएसओ ११६११ या मानकात बसणारा पोशाख वेगळा मागवावा, आणि त्यावरचे नाव शिवताना किंवा छापताना तेही ज्वालारोधक साहित्याचेच असेल याची खात्री करून घ्यावी.