नको असलेले कपडे दान केल्याने खरोखर कोणाचा फायदा होतो?

नमस्कार. नोकरीनिमित्त बेळगावात आल्यावर घरात साठलेले कपडे दान करावेत की दारावर येणाऱ्या भांडीवालीला द्यावेत, दान केल्यास घेणाऱ्याला खरोखर उपयोग होतो की केवळ आपले कपाट रिकामे होते, आणि अशा दानावर आयकरात काही सवलत मिळते का, असे आपण विचारले आहे. माझी बरीच नोकरी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील मराठी शाळांत झाली. निवृत्तीनंतर आम्ही काही शिक्षक मिळून कपडे गोळा करून गरजूंपर्यंत पोचवतो, तेव्हा जे पाहिले आहे त्याच्या आधारे लिहितो.

फायदा निश्चित होतो. मात्र तो कोणता कपडा, कोणाला आणि कोणत्या महिन्यात मिळाला यावर अवलंबून असतो. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे किंवा भीमगडच्या जंगलातील हेम्मडग्याच्या बाजूला बेळगाव शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो, आणि मृग लागल्यापासून पुढचे दोन-तीन महिने तेथे कपडा वाळवण्याइतके ऊन सलग पडत नाही. धुतलेले कपडे चुलीच्या वर बांधलेल्या दोरीवर टाकतात; त्यांना धुराचा वास लागतो, पण ते पुरते वाळत नाहीत. ज्या मुलाकडे कपड्यांचे दोनच जोड असतात, त्याचा एक जोड वाटेत भिजून अंगावर ओला असतो आणि दुसरा दोरीवर दमट असतो. अशी मुले दिवसभर ओल्या कपड्यांत वर्गात बसतात, त्यांना सर्दी-खोकला जडतो, काखेत आणि जांघेत नायटा उठतो, आणि पावसाचा जोर वाढला की घरची माणसे त्यांना शाळेत पाठवतच नाहीत. आषाढातल्या गैरहजेरीचे कारण पालकांना विचारले की ‘कपडे वाळले नाहीत’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे, आणि ती सबब नव्हती. आपल्या मुलांना आखूड झालेली पॅन्ट-शर्टची धड जोडी त्या मुलासाठी तिसरा जोड ठरते. या दानाचा सर्वांत मोठा लाभ मला येथेच दिसतो.

थंडीच्या दिवसांतली गरज वेगळी असते. ऊस कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड, विजापूर, बागलकोट या भागांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात आणि शेताच्या किंवा कारखान्याच्या कडेला खोपी घालून राहतात. उसाच्या पाल्याची कड धारदार असते. उघड्या हातांवर तिचे असंख्य बारीक चिरे पडतात, म्हणून तोडणीच्या बायका लुगड्यावरून पुरुषांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात. आपल्याकडचा कॉलर विरलेला, ऑफिसला घालण्याजोगा न राहिलेला असा शर्ट त्यांच्या रोजच्या कामाचा असतो. उंची पण बिनबाह्यांचा ड्रेस त्या मानाने काहीच कामाचा नसतो. त्यांच्याबरोबर आलेली तान्ही आणि लहान मुले पहाटेच्या थंडीत उघड्यावर असतात, त्यामुळे लहान मुलांचे स्वेटर, कानटोप्या आणि जाड चादरी यांना तेथे फार मागणी असते.

जुन्या सुती लुगड्यांविषयी आवर्जून लिहावेसे वाटते. आपल्या भागात त्यांची वाकळ शिवतात, आणि शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ज्या कवंदी, म्हणजे गोधड्या, शिवतात, त्यांतील रंगांची जुळणी पाहण्यासारखी असते. मऊ, स्वच्छ सुती कापड मिळाले की ते मासिक पाळीसाठीही वापरले जाते. हा विषय घरांत मोकळेपणाने बोलला जात नसल्यामुळे अशा कापडाची मागणी कोणी तोंडाने करत नाही. म्हणून देणाऱ्यानेच ते लक्षात ठेवावे. १९९९ साली अंशू गुप्ता यांनी दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने याच कामाला मोठे रूप दिले आणि जुन्या सुती कापडापासून पॅड तयार करून गावोगावी पोचवले. ही संस्था गावकऱ्यांनी विहीर किंवा रस्त्यासारखे गावाचे काम केल्यावर त्याचा मोबदला म्हणून कपडे देते, त्यामुळे घेणाऱ्याला ते भिकेत मिळाले असे वाटत नाही. गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पर्यावरणाचा लाभही खरा आहे. एका सुती टी-शर्टसाठी लागणारा कापूस पिकवण्यापासून कापड तयार होईपर्यंत सुमारे २७०० लिटर पाणी खर्च होते, असा अंदाज नेहमी दिला जातो. तो कपडा आणखी दोन वर्षे कोणाच्या अंगावर राहिला, तर तेवढ्या काळासाठी तरी नव्या कपड्याची गरज टळते. पॉलिस्टरचे कपडे मातीत कुजत नाहीत, आणि रस्त्याकडेला कचऱ्यासोबत पेटवले की त्यांचा विषारी धूर आजूबाजूच्या घरांत शिरतो. हरियाणातील पानिपत येथे जुने लोकरीचे कपडे फाडून, पुन्हा कातून त्यांची स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. परंतु त्या वाटेने जाण्यापूर्वी धड कपडा आहे तसाच वापरला जाणे केव्हाही अधिक चांगले. ज्या बेळगाव शहरातील वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत आजही मागांचा आवाज ऐकू येतो, तेथे एका साडीमागे किती हातांचे श्रम असतात हे वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांच्या पुराने आपल्या जिल्ह्यातील असंख्य गावे पाण्याखाली गेली, तेव्हा चहूकडून कपड्यांचे ढीग आले. त्यांत फाटकी अंतर्वस्त्रे, चेन तुटलेल्या पॅन्ट, डागाळलेल्या चादरी आणि लग्नातील जरीचे घागरेही होते. घर वाहून गेलेल्या माणसासमोर असा ढीग टाकणे मला आजही अपमानकारक वाटते. शिवाय ते निवडण्यात स्वयंसेवकांचे श्रम गेले आणि उरलेले कपडे कुजून त्यांचा कचरा झाला. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात स्वच्छ टॉवेल, नवी अंतर्वस्त्रे, चादरी आणि सॅनिटरी पॅड लागतात. जुन्या कपड्यांचा खरा उपयोग वर्षाच्या इतर महिन्यांत होतो. म्हणून कपडे धुऊन, वाळवून, बटणे आणि हूक लावून, मुलांच्या कपड्यांवर अंदाजे वय लिहिलेली चिठ्ठी टाचून द्यावेत, आणि कपडे घेणाऱ्या मुलांचे फोटो काढण्याचा आग्रह कधीही धरू नये.

भांडीवालीला कपडे देणे म्हणजे दान बुडाले असे मी मानत नाही. ती आपल्या भांड्याची किंमत मोजून ते घेते, घरी नेऊन निवडते, उसवलेले शिवते, आणि मग ते जुन्या बाजारात विकते. तेथे एखादा गवंडी किंवा हमाल स्वतःच्या पसंतीने, स्वतःच्या पैशाने तो शर्ट विकत घेतो. यात तिचे पोट चालते आणि घेणाऱ्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. थोडे विरलेले, भडक किंवा समारंभाचे कपडे तिला जरूर द्यावेत. फक्त एका पातेल्यासाठी तिच्याशी घासाघीस करू नये.

आयकराचे उत्तर थोडक्यात आहे: ८० जी म्हणून ओळखली जाणारी सवलत पैशाच्या स्वरूपातील देणगीला मिळते, वस्तुरूपाने दिलेल्या कपड्यांना मिळत नाही.

आपण मुलांचे कपडे देणार असाल तर ते मे महिन्याच्या अखेरीपूर्वी द्यावेत, कारण त्यानंतर शाळा उघडतात, पाऊस लागतो आणि जंगलातील वाड्यांकडे जाणाऱ्या वाटा अवघड होतात. खानापूरच्या पश्चिमेकडील कोणत्याही प्राथमिक शाळेतील शिक्षकांना किंवा अंगणवाडी सेविकांना आधी भेटून कोणत्या वयाची किती मुले आहेत हे विचारावे आणि तेवढेच कपडे न्यावेत. फुल बाह्यांचे शर्ट, स्वेटर आणि चादरी मात्र दिवाळीपर्यंत बाजूला ठेवाव्यात. तोडणीच्या टोळ्या आल्या की जवळच्या कारखान्याच्या परिसरात त्यांच्या खोपी दिसतील, आणि टोळीच्या मुकादमाला विचारून संध्याकाळी, कामावरून माणसे परतल्यावर, ते तेथे देता येतील.