माजी सदस्यांची यादी म्हणजे प्लेसमेंट रिपोर्ट नव्हे

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मानसशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून ती तिथल्या ‘मानसशास्त्र आणि कायदा’ या संशोधन लॅबमध्ये बिनपगारी सहायक म्हणून काम करते. आता प्राध्यापिकेने तिला शेवटच्या वर्षी ऑनर्स थीसिस (पदवीतच करायचा स्वतंत्र संशोधन प्रबंध) करायला सुचवलं आहे. मी लॅबच्या माजी सदस्यांची यादी मिळवून एक्सेलमध्ये भरली. काही जण लॉ स्कूलला, काही पीएचडीला गेलेत. पण कोणी एचआरमध्ये, कोणी विमा कंपनीत, एक जण चक्क बेकरी चालवतो. एफबीआयमध्ये प्रोफायलर (गुन्ह्यावरून गुन्हेगाराचा स्वभाव ताडणारा तपासनीस) झालेला एकही नाही. तिघांना मी लिंक्डइनवर मेसेज केले. एकाचंच उत्तर आलं, तेही मोघम. मुलीला सांगितलंय, लॅब सोड आणि एलसॅटच्या (लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेच्या) तयारीला लाग, नाहीतर पुढच्या सत्राची फी भरणार नाही. तिचा जीपीए (सरासरी गुण, ४ पैकी) ३.४ आहे. माझा निर्णय बरोबर आहे ना?
– एक पालक

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण एक गोष्ट शोधत होते. मुलीला काय हवंय, हे त्यात कुठे आहे? एक्सेलच्या रकान्यांचं वर्णन आहे, बेकरीवाल्याचा उल्लेख आहे, पण थीसिसचं विचारल्यावर मुलगी काय म्हणाली, याबद्दल एक ओळ नाही. तुम्ही तिला ‘सांगितलंय’. ती काय बोलली?

जीपीएकडे नंतर येते. आधी ते लिंक्डइनचे मेसेज. एखाद्या स्थळाची चौकशी करावी तशी तुम्ही लॅबची चौकशी केलीत, आणि मुलीला त्याचा पत्ता आहे की नाही हे लिहिलेलं नाही. पत्ता नसावा असा माझा अंदाज आहे. लॅबमधून बाहेर पडलेली माणसं प्राध्यापकांच्या संपर्कात असतात. शिफारसपत्रं, एकत्र लिहिलेले शोधनिबंध, वार्षिक परिषदा यांतून ही ओळख वर्षानुवर्षं टिकते. ‘तुमच्या लॅबमधल्या एका मुलीच्या वडिलांचा मेसेज आला होता’ हे वाक्य प्राध्यापिकेपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. मुलगी पुढे पीएचडीला अर्ज करो किंवा लॉ स्कूलला, तिच्यासाठी सगळ्यात वजनदार पत्र याच प्राध्यापिकेचं असणार आहे. एकाने मोघम उत्तर दिलं आणि दोघांनी दिलंच नाही, याचा अर्थ त्यांना लॅबबद्दल बोलायला काही नाही असा नव्हे. प्रश्न मुलीने विचारले असते तर ते मोकळेपणाने बोलले असते.

अमेरिकेत १९७४ पासून फेर्पा नावाचा कायदा आहे. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात गेली की शैक्षणिक नोंदींवरचे हक्क पालकांकडून तिच्याकडे जातात. अपवाद आहेत, पण मूळ भूमिका हीच. म्हणजे विद्यापीठ तिला सज्ञान मानतं आणि फी भरतो म्हणून तुम्ही मानत नाही.

आणि फीची धमकी. रागात बोललात की विचार करून, मला माहीत नाही. पण सत्राच्या मध्यावर असं ऐकलेली मुलगी पुढचे निर्णय विषयाकडे बघून घेत नाही, तुमच्याकडे बघून घेते. कदाचित ती एलसॅट देईलही, आणि मग दोन वर्षांनी, कर्ज डोक्यावर असताना, तिला कळेल की वकिली तिला कधी करायचीच नव्हती. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. तेव्हा त्याचं खापर कोणाच्या माथ्यावर फुटतं, हे सांगायला नको.

आता तुमची यादी. तिच्यात तुम्ही सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलंत. अशा यादीत एका सत्रापुरते क्रेडिटसाठी आलेले पदवीचे विद्यार्थी असतात, दोन वर्षं राहून थीसिस केलेले असतात, पगारी लॅब मॅनेजर असतात आणि पाच-सहा वर्षं घालवून डॉक्टरेट केलेलेही असतात. बेकरीवाला यांतला कोण होता? एक सत्र प्रश्नावल्या भरून घेऊन गेला असेल, तर त्याच्या बेकरीचं श्रेय किंवा दोष लॅबला कसा द्यायचा? उलटही खरं आहे. जे लॉ स्कूलला गेले, त्यांतले बरेच जण वकील व्हायचं ठरवूनच या लॅबमध्ये आले असणार, कारण लॅबच्या नावातच कायदा आहे. शिवाय अशा याद्यांत बहुधा लॅब सोडल्यानंतरचा पहिला मुक्कामच लिहिलेला असतो. पुढे काय झालं ते कोणी कळवलं तर लिहिलं जातं, नाहीतर ओळ तशीच राहते.

विमा कंपनीतल्या माजी सदस्याचं तुम्हाला वाईट वाटलं. मला नाही वाटलं. या लॅबमध्ये मुलं जबान्यांच्या प्रतिलेखांचं कोडिंग (ठरलेल्या निकषांनुसार वर्गवारी) करतात, सहभागींची संमती घेणं आणि माहिती गोपनीय ठेवणं शिकतात, आपल्या प्रश्नामुळे समोरच्याचं उत्तर वाकणार नाही असा प्रश्न कसा विचारायचा ते शिकतात, आकडेवारी हाताळतात. दाव्यांची छाननी करणाऱ्या माणसाला यापेक्षा वेगळं काय लागतं?

सगळ्यात मोठा गैरसमज प्रोफायलरचा. तो तुमचा एकट्याचा नाही, मालिकांनी घरोघरी पोचवला आहे. एफबीआयमध्ये पदवी घेऊन थेट प्रोफायलर म्हणून रुजू होता येत नाही. आधी स्पेशल एजंट व्हावं लागतं. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व, वय किमान २३ आणि पदवीनंतर साधारण दोन वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो. प्रत्यक्ष तपासात काही वर्षं काढल्यावर मोजक्यांना वर्तन-विश्लेषण विभागात जाता येतं. मुलीकडे ते नागरिकत्व आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर एक्सेलचा तो रकाना पुसून टाका. मुळात या लॅबना गुन्हेगाराच्या डोक्यात शिरण्यात फारसा रस नसतो. साक्षीदार, पोलीस आणि ज्युरी कुठे चुकतात, हा त्यांचा विषय. १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एका पीडितेने आधी फोटोंतून आणि मग प्रत्यक्ष ओळख परेडमध्ये रोनाल्ड कॉटन यांना ओळखलं. दोन्ही ठिकाणी असलेला एकमेव माणूस म्हणजे कॉटन. तिला शंभर टक्के खात्री होती. दहा वर्षांहून जास्त तुरुंगवास झाल्यावर १९९५ मध्ये डीएनए चाचणीने ते निर्दोष ठरले. अशा चुका का होतात, यावर आयोवा स्टेट विद्यापीठाचे गॅरी वेल्स यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून काम करत आले आहेत. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच संशयित कोण हे माहीत नसावं, आणि ‘खरा गुन्हेगार यांत असेलच असं नाही’ हे साक्षीदाराला आधी सांगावं, या सूचना अशाच प्रयोगांतून आल्या. त्यातली दुसरी अमेरिकी न्याय विभागाच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेतही आली. तुमची मुलगी वर्षभर जिथे बिनपगारी राबतेय, तिथलं काम हे असं आहे.

मात्र याच गैरसमजाची दुसरी बाजू मुलीलाही कळायला हवी. आरोपी खटल्याला सामोरं जायच्या मानसिक स्थितीत आहे का, अशी तपासणी करून कोर्टात मत देणारा फोरेन्सिक मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर साधारणपणे क्लिनिकल शाखेची डॉक्टरेट, इंटर्नशिप आणि राज्याचा परवाना लागतो. स्मृती किंवा ज्युरीवर प्रयोग करणाऱ्या लॅबमधून सामाजिक किंवा बोधात्मक मानसशास्त्रात पीएचडी केली, तर तो परवाना सहसा मिळत नाही. अर्ज करताना अनेकांचा इथे घोळ होतो, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

बाकीचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत: एलसॅट देऊन तीन वर्षांची जेडी (कायद्याची पदवी), किंवा पीएचडी, किंवा दोन्ही एकत्र. नेब्रास्का-लिंकन विद्यापीठात हा जोड अभ्यासक्रम १९७४ पासून आहे. लॉ स्कूलला कोणताही ठराविक विषय लागत नाही, एलसॅट वर्षातून अनेकदा होते आणि गुण पाच वर्षं चालतात. म्हणजे त्या परीक्षेसाठी लॅब सोडायची काहीच गरज नाही. उलट ३.४ वर, नुसत्या एलसॅटच्या भरवशावर, नावाजलेल्या लॉ स्कूलमध्ये जागा मिळणं कठीण. तिथे चांगला थीसिस आणि प्राध्यापिकेचं तपशीलवार पत्र थोडा तरी आधार देईल. आणि पैशांचं म्हणाल, तर नावाजलेल्या खासगी लॉ स्कूलची वर्षाची फी आज सत्तर हजार डॉलरच्या पुढे जाते, तर संशोधनाच्या पीएचडीत बहुतेक ठिकाणी फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. एका सत्राची फी अडवून तुम्ही तिला त्या खर्चाकडेच ढकलताय.

थीसिस करावाच, असं मी म्हणत नाही. मुलीला स्वतःचा असा प्रश्न सुचला असेल, ज्यावर वर्षभर डोकं घालायची तयारी असेल, तर करावा. ‘प्राध्यापिका म्हणाल्या म्हणून’ असेल तर नको, ‘बाबा नको म्हणतात म्हणून’ असेल तर मुळीच नको. लॅबमधल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना तिने विचारावं की इथून शेवटचे दोन-तीन थीसिस कोणी केले, ते वेळेत पूर्ण झाले का, आणि प्राध्यापिका मसुदे वाचून देतात की नुसती सही करतात.

तुम्ही आज दोन फोन करण्यासारखे आहेत आणि दोन्ही मुलीलाच. पहिल्यात फीबद्दलचं बोलणं मागे घ्या, अटी न घालता. दुसरा एक-दोन दिवसांनी करा आणि लिंक्डइनचं सांगून टाका. बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. त्या तिघांना आता माफीचा मेसेज पाठवू नका, तेवढाही नको.

आणि एवढं होऊनही तिला माझा सल्ला हवासा वाटला, तर पत्र तिने लिहावं. तुम्हाला सीसी करायची गरज नाही.