आधी खुंटं बघ, मग खड्डे खण

प्रिय पोरी,

गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला, म्हणजे जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क गावाकडे आला, हे वाचून फार आनंद झाला. दहा हजार रोपांची मागणी नोंदवायची म्हणतेस, ती मात्र जरा थांबव. आधी त्या जंगलातून पायी फिर. सोबत शेळ्या राखणारं एखादं म्हातारं माणूस घे. कुठे काय होतं आणि कुठे अजून काय फुटतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

आपलं जंगल वरून उजाड दिसलं तरी खाली मुळं जिवंत असतात. ऐन, धावडा, तेंदू, पळस यांची खुंटं दर पावसाळ्यात फुटतात आणि शेळी, कुऱ्हाड नाहीतर आग दरवर्षी तो फुटवा संपवते. तीन-चार वर्षं त्याला जपलं, एका खुंटावर एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढले, तर तो रोपवाटिकेतल्या रोपाला सहज मागे टाकतो. त्याला खड्डा लागत नाही, टँकरही नाही. चराईबंदी मात्र लागते, आणि ती गावानं स्वतः ठरवली तरच टिकते. म्हणून सगळं जंगल एकदम बंद करू नका, भाग पाडून आळीपाळीनं करा. ज्याचं घर चार शेळ्यांवर चालतं, त्याला सभेत पहिल्यांदा बोलू दे.

जिथे खुंटही नाही, तिथे लावायचंच. तिथे माझा आग्रह मोहाचा आहे. धुऱ्यावरचे (शेताच्या बांधावरचे), जंगलातले मोठाले मोह नीट बघ. बहुतेक आज्या-पणज्याच्या काळातले, आणि त्यांच्याखाली नवं रोप शोधून सापडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला जागा साफ हवी म्हणून खालचा पाला पेटवतात, त्यात रोपं जळतात. पुढे टोळ, म्हणजे मोहाचं फळ, पडतो, तो बियांच्या तेलासाठी वेचला जातो. उरलंसुरलं गुरं खातात. म्हातारे मोह एकेक करून पडले की त्या जागी कोण उभं राहणार, ही मला खरोखर लागून राहिलेली काळजी आहे.

यात वेचणाऱ्या बायांना दोष देऊ नकोस, त्यांचं वर्ष त्या फुलांवर निघतं. पाला पेटवण्याऐवजी झाडून बाजूला करा, खाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा. फूल स्वच्छ मिळतं आणि माती लागली म्हणून भाव पाडायला व्यापाऱ्याला निमित्त राहत नाही. मोहाचं बी फार दिवस जिवंत राहत नाही, म्हणून घरात साठवू नका. टोळ पडला की काही टोळ बियांसाठी राखा आणि पहिल्या पावसात ते बी थेट जागेवर पेरा. सोटमूळ खोल जातं, रोपवाटिकेच्या पिशवीत ते वळून बसतं. भोवती काट्यांचं कुंपण घाला.

मोहाला फुलायला दहा वर्षं सहज लागतात. तोवर घर चालायला बांबू, आवळा, सीताफळ हवं. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं उजाड वनजमीन राखली, तिथल्या सीताफळानं गावाला रोजगार दिला. तिथे जाऊन ये. बांबू तोडताना चालू वर्षाच्या काडीला हात लावू द्यायचा नाही, आणि सगळेच वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) भाजीत गेले तर बेट संपतं, हे घरोघरी सांग. चारोळीचंही तसंच. कच्ची चारं (चारोळीची फळं) आणि छाटलेल्या फांद्या हा उद्याचा तोटा आहे. वेचणीची तारीख ग्रामसभेनं ठरवावी.

हे ठरवायचा अधिकार आता तुमच्याकडे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारी उपज, ठरला, तरी गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाला 2009 मध्ये हक्क मिळूनही बांबू बाहेर न्यायच्या वाहतूक परवान्याची पुस्तिका हाती पडायला 2011 उजाडलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर तेंदूपानाचं संकलनच बंद केलं, कारण त्यासाठी झुडपं छाटावी लागत आणि आगी लागत. रोख पैसा हातचा सोडायचा निर्णय त्यांनी घेतला, कारण बांबूचा आधार होता. तुम्हाला लगेच तसं करता येणार नाही, करूही नका. पण निदान आग तरी थांबवा.

15 फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, साफ व्हायला हवी. गस्तीच्या पाळ्या घरनिहाय लावा, त्यात बायांचीही नावं घाला, आणि रोजगार हमीतून मजुरी मिळते का ते ग्रामपंचायतीत आताच विचार. जंगलाचा आराखडा मंजूर होईपर्यंत वाट बघत बसू नकोस.

पुढच्या सभेत चराईचा विषय निघाला की कोण काय बोललं ते सविस्तर लिही. मोहाचं बी कमी पडलं तर आमच्या धुऱ्यावरचं पाठवतो, पण जूनमध्ये लगेच कळव.

तुझा,
काका