नोकरी सोडून सीपीएल, की शनिवार-रविवारचं पीपीएल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २७, हिंजवडीत बरी नोकरी, विमानांचं लहानपणापासून वेड. आता नोकरी सोडून कमर्शियल पायलट व्हावं (त्याचं लायसन्स म्हणजे सीपीएल), की छंद म्हणून उडवायला शिकावं (त्याला प्रायव्हेट लायसन्स, म्हणजे पीपीएल)? घरचे म्हणतात डोकं फिरलंय, मित्र म्हणतात जगून घे. माझ्या मते सध्या दोघांचंही ऐकू नका. एका तासाच्या फ्लाइंगला किती पैसे पडतात, हे दोघांनाही ठाऊक नसणार.

माझ्याबद्दल आधी सांगते. मी चाकणला इंजिनिअर आहे. बारामतीला शिकून प्रायव्हेट लायसन्स काढलं, अजूनही हौसेपुरती उडते. धाकटी बहीण एअरलाइनमध्ये ए-३२० या प्रवासी विमानावर वैमानिक आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न आमच्या घरी जेवताना बऱ्याचदा निघतो, आणि दरवेळी आई 'आता गप्प जेवा' म्हणते तिथेच थांबतो.

तुम्हाला विमान आवडतं हे खरंच, पण त्यातलं नेमकं काय आवडतं? माझ्या मते सगळं तिथे अडतं. बहिणीला कॉकपिटमधली शिस्त आवडते. दोन माणसांनी एकमेकांना तपासत, ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्रमाने अवजड यंत्र इकडून तिकडे न्यायचं, यात ती रमते. मला हाताने उडवायला आवडतं. आडवा वारा असताना रनवेच्या मधल्या रेषेवर विमान ठेवण्याची झटापट मला हवी असते. तिच्या नोकरीत मी महिनाभरही टिकणार नाही. आणि 'चल, सेस्नात (आमच्या छोट्या विमानात) एक चक्कर मारू' म्हटलं की ती सांगते, सुट्टीच्या दिवशी मला विमान दाखवू नकोस.

छंदाची सकाळ कशी असते ते सांगते. अंधारात घर सोडायचं, सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामती गाठायची, कारण उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर तापलेली हवा छोट्या विमानाला नुसती उसळवत राहते. पोचल्यावर विमानाभोवती फिरून तपासणी. पंखाखालच्या झडपेतून छोट्या पारदर्शक नळीत इंधन काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. एव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, फिकट निळं दिसतं. पाणी जड, त्यामुळे टाकीत शिरलं असेल तर नळीच्या तळाशी त्याचा वेगळा थर किंवा थेंब दिसतो. सगळं स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचं. मग ऑइलची पट्टी, टायर, कंट्रोलचे बिजागर. रनवेवर जाण्याआधी इंजिनाचे फेरे वाढवून दोन्ही मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारी यंत्रं) आळीपाळीने बंद करून बघायचे. फेरे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घटले तर त्या दिवशी उडायचं नाही, मग शंभर किलोमीटर गाडी हाकत आलेले असा नाहीतर नसा. हे सगळं मला मनापासून आवडतं. तुम्हाला हे वाचतानाच कंटाळा आला असेल तर तीही माहितीच समजा.

मनात आलं की विमान काढून गोव्याला जेवायला जायचं, असं मात्र आपल्याकडे होत नाही. एका विमानतळावरून दुसरीकडे जायचं तर फ्लाइट प्लॅन, एअर डिफेन्स क्लिअरन्स (हवाई संरक्षणाची परवानगी), एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) नंबर, तिथे उतरण्याची परवानगी, आणि परतीला इंधन मिळणार का याची चौकशी. लोहगाव हवाई दलाचा तळ, म्हणून पुणेकराला बारामती गाठावी लागते. पुरंदरचं विमानतळ होईल तेव्हा होईल. पीपीएलवर मित्रांना बसवता येतं, पण उडवण्याचा मोबदला घेता येत नाही. म्हणजे पैसा फक्त एकाच दिशेने जातो.

आता नोकरी. बहिणीचा बेस दिल्ली. पुणं मागितलं होतं, मिळालं नाही. पहाटेची ड्यूटी असली की दोनचा गजर. पोचल्यावर श्वासाची मद्यचाचणी, मग हवामान, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), इंधनाचा निर्णय. टेक-ऑफनंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट. प्रत्यक्ष हातात विमान असतं ते सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं. मधला वेळ लक्ष ठेवणं, रेडिओ, कागदपत्रं आणि पुढे ढग दिसले तर कुठून वळायचं याचा विचार. दिवसात कधी चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं होतात. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, तिथे इंजिन बंद पडतं, आग लागते, आणि तुम्ही काय करता ते परीक्षक लिहून घेतो. शिवाय वैद्यकीय तपासणी. तिच्यात अडकलात तर पगारही अडकतो, म्हणून वैमानिक लायसन्स गमावण्याचा विमा काढतात. भाऊबीज कधी करायची हे आमच्याकडे तिचं रोस्टर बघून ठरतं. तरीही ती खूश आहे, आणि हे ती उगाच म्हणत नाही.

पैशाचं गणित स्वतः मांडा. पीपीएलला किमान ४० तास, सीपीएलला २००. शिकण्याच्या विमानाचा तासाचा दर पाच आकडी असतो. गुणाकार करा, वर राहणं-खाणं धरा. त्यानंतर मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाचं) आणि टाइप रेटिंग (एअरलाइनच्या ठरावीक विमानाचं). नुसतं टाइप रेटिंगच दहा लाखांपुढे जातं. घर गहाण टाकून कर्ज काढणारी मुलं मी बघितली आहेत. २०२३ मध्ये इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिल्यापासून 'आता पायलटच पायलट लागणार' असं सगळीकडे ऐकू येतं. लागणार खरेच, पण ओढ जास्त आहे ती अनुभवी कॅप्टनची. २०० तासांचं कोरं लायसन्स घेऊन रांगेत उभे असलेलेही पुष्कळ आहेत. वयाची काळजी मात्र सोडा. निवृत्ती ६५ ला आहे, २७ म्हणजे उशीर नव्हे.

मी तुमच्या जागी असते तर राजीनामा लिहिण्याआधी वैद्यकीय करून घेतलं असतं, आणि तेही सुरुवातीची क्लास टू तपासणी करून थांबले नसते, सीपीएलला लागणाऱ्या क्लास वनपर्यंत गेले असते. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो पैसे भरण्याआधी कळलेला बरा. मग नोकरी करतच डीजीसीएचे (लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याचे) पेपर द्या: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी येऊन तुम्ही ढगांचे प्रकार आणि मॅग्नेटिक व्हेरिएशन (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक) चार-सहा महिने वाचू शकलात, तर वेड टिकाऊ आहे.

तोवर हवेत जायचंच असेल तर कामशेतला पॅराग्लायडिंग शिका. वारा, उतार, उष्ण हवेचे झोत यांची समज तिथे येते तशी कुठल्या वर्गात येत नाही. हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथे विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) ओढून ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, वर सोडतात. निघण्याआधी चालू आहे का विचारून घ्या.

त्यानंतर पीपीएलच्या दिशेने तास सुरू करा. ते तास सीपीएलला मोजले जातात, त्यामुळे निर्णय आजच घेण्याची सक्ती नाही. फक्त फार रेंगाळू नका. सीपीएलचा अर्ज करताना आधीच्या सहा महिन्यांतले ताजे तासही मागतात. एक तिसरी वाटही आहे, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: सीपीएल करून इन्स्ट्रक्टर होणं. पगार एअरलाइनसारखा नाही, पण दिवसभर छोटं विमान, आणि बऱ्याचदा रात्री स्वतःच्या घरी. तुम्हीही माझ्यासारखे हाताने उडवणारे निघालात तर याचा विचार जरूर करा.

फ्लाइंग स्कूल निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा. विमानं किती आहेत यापेक्षा आज उडण्याजोगी किती आहेत ते विचारा. इन्स्ट्रक्टर किती आणि विद्यार्थी किती, तेही. कँटीनमध्ये बसलेल्या मुलांना विचारा, गेल्या महिन्यात किती तास झाले? पावसाळ्यात हा आकडा खालीच असतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीचा विचारा. आणि सगळी फी एकरकमी भरायला सांगितली तर हप्ते मागा. नाही म्हणाले तर दुसरं स्कूल बघा.