शाळेतल्या साध्या इंग्रजी संवादांचं फंक्शनल ग्रामरने विश्लेषण कसं करायचं?

फंक्शनल ग्रामर म्हणजे वाक्याचं नुसतं रूप नव्हे, तर ते बोलताना काय काम करतं हेही पाहणारं व्याकरण. तुम्ही बीएडच्या प्रकल्पासाठी विचारताय. तुम्ही लिहिलंय की तुमचे मार्गदर्शक म्हणतात, ‘पाचवीचे संवाद इतके सोपे, त्यांत विश्लेषण करण्यासारखं आहे काय?’ त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. नाहीतर सब्जेक्ट (कर्ता), फायनाईट (काळ किंवा ‘शकणे’सारखा अर्थ दाखवणारा क्रियापदाचा भाग) आणि रेसिड्यू (उरलेलं वाक्य) यांचे तक्ते कुठेही मिळतात.

माझा सराव पाठ डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात होता, पाचवीवर. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, इथे चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकलेलं पोर पाचवीत बहुतेक ठिकाणी थेट इंग्रजी माध्यमात येऊन पडतं. जुलै महिना, वीज गेलेली, खिडक्या बंद, ओल्या दप्तरांचा कुबट वास. पाऊस जरा थांबला तसं खिडकीजवळच्या मुलाला म्हटलं, ‘कॅन यू ओपन द विंडो?’ हे वाक्य काही पाठ टाचणात नव्हतं. तो उठला, हाताची घडी घातली, ‘येस टीचर, आय कॅन ओपन द विंडो’ म्हणाला आणि खाली बसला. खिडकी बंदच.

मला हसू आवरलं नाही. मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षक सरांना आवरण्यासारखं काही वाटलंच नाही. त्यांनी अभिप्राय वहीत लाल शाईने लिहिलं : ‘विद्यार्थ्याने पूर्ण वाक्यात अचूक उत्तर दिले. उत्तम.’ आणि खाली माझ्यासाठी : ‘शिक्षिकेने वर्गात हसू नये.’

चर्चेच्या तासाला मी वाद घातला. म्हटलं, सर, मी त्याला प्रश्न विचारलाच नव्हता, काम सांगितलं होतं. ते म्हणाले, वाक्य प्रश्नार्थक आहे, ‘कॅन’ म्हणजे ‘शकणे’, मुलाने बरोबर उत्तर दिलं, तुझं काय बिघडलं? मी म्हटलं, तुमच्या घरी कोणी ‘चहा घेणार का?’ म्हटलं, तर तुम्ही ‘होय, मी चहा घेणार’ असं म्हणता? वर्ग हसला, माझे गुण गेले. त्याच मुलाला मी मधल्या सुट्टीत कोंकणीत ‘जनेल उगड रे’ (खिडकी उघड रे) म्हटलं होतं, तर वाक्य संपायच्या आत कडी निघाली होती. मराठीत ‘खिडकी उघडतोस का?’ म्हटलं असतं तरी तेच झालं असतं. म्हणजे प्रश्नाच्या रूपात काम सांगतात हे त्याला घरी कळत होतं. ‘कॅन यू? येस, आय कॅन’ घोकून घोकून इंग्रजीपुरतं आम्हीच ते पुसून टाकलं होतं.

पुढे एमएला भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे वाचले आणि मला माझ्या भांडणाचं नाव सापडलं. त्यांचं फंक्शनल ग्रामरवरचं मुख्य पुस्तक 1985 सालचं. त्यांच्या हिशेबाने बोलणारा एक तर माहिती देतो-मागतो, नाहीतर वस्तू किंवा काम देतो-मागतो. त्यातून चार गोष्टी निघतात : विधान, प्रश्न, देऊ करणं आणि आज्ञा. आता माझं वाक्य बघा. ‘कॅन’ फायनाईट, ‘यू’ सब्जेक्ट, ‘ओपन द विंडो’ रेसिड्यू. फायनाईट सब्जेक्टच्या आधी आलं, म्हणून रूप प्रश्नाचं. पण मागणी कामाची आहे, म्हणून कार्य आज्ञेचं. आज्ञेला उत्तर हाताने दिलं तरी पूर्ण होतं, तोंडाने नुसतं दिलं तर होत नाही. ‘कॅन यू स्विम?’चा मूडचा, म्हणजे सब्जेक्ट-फायनाईटच्या मांडणीचा, तक्ता असाच निघेल, पण तिथे ‘येस, आय कॅन’ चोख उत्तर आहे. तुमच्या मार्गदर्शकांना ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवा.

पूर्ण वाक्याचा हट्ट हा त्याच झाडाचा दुसरा फाटा. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ ‘इन केरी.’ झालं की! बाकीचं प्रश्नात येऊन गेलंय, म्हणून गाळलं. ‘इज धिस युवर बॅग?’ला ‘येस, इट इज’ म्हणतात तेव्हा सब्जेक्ट आणि फायनाईट ठेवून रेसिड्यू गाळतात. गाळणं हेही व्याकरणच आहे. आमच्या सरांना तो आळस वाटायचा.

त्यावर टीचर ‘व्हेरी गुड’ म्हणते, हे तर आणखी मजेचं. फोंड्याच्या बसस्टँडवर कोणी ‘खंय रावता?’ (कुठे राहता?) विचारून उत्तर ऐकल्यावर ‘शाब्बास’ म्हणालं, तर आपण चार पावलं लांब सरकू. वर्गात ते चालतं, कारण विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. पुढाकार, प्रतिसाद आणि शेरा ही तीन पावलं वर्गातल्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्या सिंक्लेअर आणि कूल्थार्ड यांनी 1975 साली मांडली. तुमच्या तक्त्यात तिसऱ्या पावलाला वेगळा रकाना ठेवाच.

वर्गात याचा खरा उपयोग मला झाला तो ‘व्हेअर डझ ही लिव्ह्ज?’ या चुकीवर. ‘लिव्ह्ज’मध्ये फायनाईट क्रियापदात मुरलेलं असतं. प्रश्नात ते ‘डझ’ होऊन बाहेर पडतं आणि सब्जेक्टच्या पुढे जाऊन बसतं. शेवटचा ‘एस’ त्याच्याबरोबर गेला, मागे उरला नुसता ‘लिव्ह’. मराठीत ‘तू येतोस’च्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न झाला, कोंकणीत नुसत्या सुरावरही भागतं, कोणी जागा सोडत नाही. मग मुलांना ही अदलाबदल विचित्र वाटणारच.

किती संवाद घ्यायचे हे विचारलंय ते राहिलंच. पाच-सहा पुरेत, पण निम्मे पुस्तकातले आणि निम्मे प्रत्यक्ष वर्गात ऐकून टिपलेले घ्या. प्रोसेसचे प्रकार (क्रियापद करण्याचं, वाटण्याचं की असण्याचं) आणि थीम-रीम (वाक्य कशापासून सुरू होतं आणि पुढे काय उरतं) एकाच संवादाला लावा. पाचवीच्या संवादात त्यातून फारसं काही निघत नाही असं माझं मत. तुमचे परीक्षक वेगळं म्हणतील तर त्यांचं ऐका, गुण त्यांच्या हातात आहेत. आणि फायनाईट, रेसिड्यू हे असले शब्द मुलांपुढे उच्चारू नका. पूर्ण वाक्यंही अगदीच टाकाऊ नाहीत हो, लेखी परीक्षेत ती मागतात आणि सुरुवातीला जीभ वळायला बरी पडतात. सरांशी भांडताना हे मी कबूल केलं नव्हतं.

माझा संवाद घेतलात तरी चालेल, दोनच ओळींचा आहे. फक्त प्रतिसादाच्या रकान्यात मुलाच्या वाक्याखाली ‘खिडकी उघडली नाही’ एवढं लिहा.